ताईची उसवाउसवी

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन ताईच्या. घडी निम्मी झाली आणि ताईने आपली टोकं सोडली.

"अगं, ती तुझ्या फ्रॉकची गोष्ट..."

मी कपाळाला हात लावला.

माझी ही थोरली बहीण शिवणकाम करते. भिंग घेऊन बसलात तरी तिच्या शिवणीत खोट सापडायची नाही. पण तिचं तिलाच पटत नाही. शिवते, निरखते, उसवते, पुन्हा शिवते. प्रार्थनेतही तीच तऱ्हा. नऊ वर्षांची असताना तिने इस्त्रीने माझा फ्रॉक जाळला आणि आळ घातला मांजरावर. आईने मांजर हाकललं. त्याची क्षमा ताई गेली चाळीस वर्षं दर रविवारी मागते आहे. फ्रॉक माझा, मी कधीच माफ केलंय. मांजरही पुढे शेजारणीच्या दुधावर गलेलठ्ठ झालं. पण ताईला ना झोप, ना अन्न गोड. "वर गेल्यावर प्रभूने ओळखच दाखवली नाही तर?" ही एकच धास्ती.

शेवटी चादर तशीच टाकून मी तिला प्रार्थनाघरात नेलं. पाळकसाहेब खुर्चीवर चढून जळमटं काढत होते. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, देवाने एकदा क्षमा केली ना?"

"केली असणार. पण नीट बसली की नाही, ते बघायला नको?"

ते खाली उतरले. "गिऱ्हाइकाने पसंत करून नेलेला कपडा उसवायला त्याच्या घरी जाता का तुम्ही?"

"एकदा गेले होते," ताई ओशाळली. "नवरी अंगात घालून बसली होती."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. मग डोळे पुसत म्हणाले, "अहो, हे काम तुमच्याकडे नव्हतंच मुळी. प्रभूने ते वधस्तंभावर पुरं केलं. त्याच्यावर कात्री चालवायची नाही. दमलात, आता त्याच्यापाशी बसा."

ताई बाकावर टेकली. "मग मागू नको?"

"आभार माना."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने डोळे मिटले, एका वाक्यात आभार मानले आणि आमेन म्हटलं. इतकी आखूड प्रार्थना तिच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती. मी वाट पाहत राहिले, आता मांजर निघेल, मग निघेल. निघालं ते घोरणं! पाळकसाहेब पाय न वाजवता परत खुर्चीवर चढले. मीही तिला हलवलं नाही. देवाने दिलेली झोप मोडणारी मी कोण?

तासाभराने ती उठली, भूक लागली म्हणाली, आणि हातातलं शिवण न उसवता पुरं करायचं म्हणून पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणायला दुकानाकडे निघाली.