ज्यांनी मैदानात कोपरखैरण्याचं नाव पुकारायला लावलं

दिनकर वस्तादांची आणि माझी पहिली भेट कोपरखैरणे स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर झाली. मी तेव्हा डोक्यावर उलटा उभा होतो, म्हणून आधी दिसल्या त्यांच्या वहाणा, मग धोतर आणि शेवटी मिशा. आम्ही चार पोरं तिथे ब्रेकिंग करायचो, म्हणजे हिप-हॉपमधला जमिनीवरचा नाच. सिक्युरिटीवाला हाकलेपर्यंत जेवढं होईल तेवढं. वस्ताद वाकले आणि म्हणाले, "पोरा, डोक्यावर उभा ऱ्हायलास, पण मान काय भाड्यानं आणलीस का? मोडंल. उद्या सकाळी तालमीत ये."

या गौरवग्रंथात शिकलेल्या लोकांचे लेख असतील. मी दहावीपर्यंत कसाबसा गेलो आणि हे लिहितोय ते कंटेनरच्या जहाजावरून. पण वस्तादांना पंच्याहत्तर पूर्ण होताना मी गप्प बसलो, तर ते मला बरं वाटणार नाही.

वस्ताद मूळचे साताऱ्याकडचे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली आणि रोज पहाटे कोपरखैरण्याच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवली. त्यांनी आम्हाला आधी नाचू दिलंच नाही. हौदाच्या लाल मातीत डोकं टेकवून मानेचा पूल करायला लावला, तोही मान लाकडासारखी होईपर्यंत. मग एक दिवस बाजूची मोकळी फरशी दाखवली आणि म्हणाले, "आता फिरा." त्या दिवशी मी डोक्यावर जेवढा फिरलो, तेवढा आधी कधीच फिरलो नव्हतो. गाण्याचं एक अक्षर न कळता हा माणूस आमच्या नाचाच्या मुळाशी कसा पोचला, हे मला अजून कळत नाही.

त्यांचं विचारणं पण असंच. एकदा घाम पुसत बसलो होतो तर म्हणाले, "ह्या नाचाचं कोल्हापूर कुठलं रं?"

मी म्हणालो, "न्यूयॉर्क. तिथंच सुरू झालं."

"आन् आत्ता जोर कुणाचा?"

मग आमच्यातच जुंपली. एकजण म्हणाला रॅपमध्ये अटलांटा, दुसरा म्हणाला ब्रेकिंगमध्ये कोरियाचं सोल आणि पॅरिस. आपल्याकडे मुंबई की दिल्ली यावर तर मारामारीच व्हायची बाकी. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे कुस्तीवानीच हाय. घडायला कोल्हापूरला जायाचं, पण पैलवान निपजतो आपल्या गावात. तुमचं गाव कुठलं?"

आमचा विकी म्हणाला, "आमी बॅनरवर मुंबई लिवतो वस्ताद. कोपरखैरणे लिवलं तर कोण विचारतो?"

"मुंबई खाडीच्या पल्याड," वस्ताद म्हणाले. "तू ऱ्हातोस हितं."

आम्ही हसलो. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं, हे पुढे कळलं.

तालमीतल्या जुन्या मंडळींना आम्ही खटकत होतो. वस्तादांचे जोडीदार आनंदराव तर सगळ्यांसमोर म्हणाले, "दिनकरराव, लोक म्हनतील तालीम बंद केली आन् डान्सबार काढला." काहींनी आपली पोरं पाठवायची नाहीत असं ठरवलं. तीस वर्षांत कमावलेलं तालमीचं नाव आमच्यापायी जाणार, हे आम्हालाही दिसत होतं. मी म्हणालो, वस्ताद, आम्ही परत स्टेशनवर जातो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आनंदरावांना म्हणाले, "माझ्या गावच्या जत्रंला ह्यांना कुस्तीच्या मैदानात उतरवतो. लोकांनी हसून घालवलं, तर पोरं भाईर आन् माझी वस्तादकीबी बंद."

मैदान मातीचं, म्हणून तिथून पुढे रोज हौदात सराव. मातीत डोकं सरकत नाही, हात रुततात. त्यामुळे आमचे निम्मे डाव गेले आणि उरलं ते हातांवर, मानेवर उलटं थांबणं.

जत्रेत दोन कुस्त्यांच्या मधे, वस्तादांनी सांगून ठेवल्याप्रमाणे, निवेदकांनी पुकारलं, "दिनकर वस्तादांचे पठ्ठे, कोपरखैरणे." ते नाव भोंग्यातून डोंगरापर्यंत गेलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्ही माती कपाळाला लावली. हलगी कडाडली तशी आम्हाला दुसऱ्या कुठल्या बीटची गरजच उरली नाही. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग शिट्ट्या सुरू झाल्या.

आणि शेवटच्या पोजला विकीनं घोळ केला. ब्रेकिंगच्या बॅटलमध्ये समोरच्याला डिवचायची पद्धत असते. हा सवयीनं एका हातावर उलटा थांबला आणि पाय सरळ रोखला, तो पुढच्या रांगेतल्या जुन्या पैलवानांवर. मधोमध आनंदराव. हलगी थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "पाय दाखवतोय व्हय रं वडीलधाऱ्यास्नी?" माणसं उठायला लागली. विकीला काय झालं ते कळेना, तो तसाच थरथरत उलटा.

वस्ताद मैदानात आले. घाई नाही, राग नाही. मूठभर माती उचलली आणि विकीच्या त्या रोखलेल्या तळपायाला हळूहळू चोळली, जशी कुस्तीआधी पैलवान समोरच्याच्या अंगाला लावतो तशी. मग पुढच्या रांगेकडे वळून म्हणाले, "आता ह्यो पाय मातीचा झाला. मातीचा पाय कुनाला लागत न्हाय."

आनंदरावांनी हलगीवाल्याकडे मान वळवली. "थांबलास का रं? वाजीव की."

मी नंतर बरीच बंदरं बघितली. कोरियातल्या बुसानला पोरं इतकी भारी नाचतात की तोंडात बोट जातं. न्यूयॉर्कसमोर, पाण्याच्या पलीकडच्या धक्क्यावर उभं राहून ते शहर लांबून बघितलं आणि मनातल्या मनात नमस्कार केला. पण त्या मैदानात जे बघितलं, तसं परत कुठे बघितलं नाही. बुसानच्या पोरांनी विचारलं, कुठला तू? मी कोपरखैरणे सांगितलं. त्यांना म्हणता येईना, तर म्हणायला शिकवलं.

मी पहिल्यांदा जहाजावर निघालो तेव्हा घरात सगळे रडत होते. वस्ताद आले, चहा घेतला आणि म्हणाले, "जहाज हलतं म्हनं. पाय रुंद ठेव." बस, एवढंच. वादळात मला तेच आठवतं.

आता वस्तादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ते हौदात उतरत नाहीत, काठावर खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या एका बाजूला कुस्तीची पोरं, दुसऱ्या बाजूला नाचाची पोरंपोरी. आणि शेजारी दुसरी खुर्ची आनंदरावांची, नाचाच्या बाजूला सरकवलेली. वस्तादांना एवढं निरोगी आयुष्य लाभो, की आम्ही सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारे व्हावं, काठ्या टेकत तालमीत यावं, आणि त्यांनी खुर्चीतूनच ओरडावं, "वाकून काय चालताय रं? माना वर करा."