आमच्या साडूचा जिल्हा

आमच्या साडूइतका थापाड्या माणूस वैनगंगेच्या या काठाला झाला नाही, आणि त्याच्याइतका लाडका माणूस दोन्ही काठांना झाला नाही. यातलं पहिलं मी त्याच्या तोंडावर म्हणत असे. दुसरं आज प्रथमच म्हणतो आहे, आणि म्हणताना अजूनही पोटात दुखतं. मी थोरला जावई, तो धाकटा. मी शाळामास्तर, पोरांना भंडारा जिल्ह्याचा भूगोल शिकवून पोट भरणारा. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. तो तेंदूपानांच्या ठेकेदाराचा मुनीम, सायकलवरून जंगलातली गावं पालथी घालणारा. जिल्ह्याच्या सीमा, नद्या, पिकं, लोकसंख्या सगळं मला तोंडपाठ. पण सासुरवाडीत जिल्ह्याची गोष्ट निघाली की सगळ्या माना त्याच्याकडे वळत. माझ्या बायकोचीसुद्धा.

आमचे सासरे आमगावजवळच्या खेड्यातले शेतकरी. तरुणपणी धानाच्या बंड्या हाकत त्यांनी सगळा मुलूख पाहिलेला, आणि म्हातारपणी डोळे गेले. आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे जावई त्यांच्याकडे जात असू. संध्याकाळी अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ते म्हणत, "लहाने बापू, आज कोठं नेता मले?" म्हणजे बोलता बोलता एखाद्या गावाला फिरवून आणा. साडू उशाशी बसे आणि म्हाताऱ्याला घेऊन निघे. मला ती उशाशी बसायची जागा हवी होती. सोनं नको, शेत नको, धोतरजोडी नको. एकदा म्हाताऱ्यानं "मोठे बापू, तुम्ही न्या" म्हणावं, एवढंच. ते काही म्हणत नसत. मी पायथ्याशी बसून सुपारी कातरायचो आणि आतल्या आत जळायचो.

बरं, नेणारा वाट तरी धड सांगत होता का? एकदा त्यानं बाघ नदी सरळ साकोलीच्या दारावरून नेली. मला राहवेना. म्हटलं, "मामाजी, बाघ नदी तिकडे जातच नाही. ती उत्तरेला जाऊन वैनगंगेला मिळते." म्हातारा उखडला. "तुम्ही कायले मधात बोलून राहिले जी? आमी आत्ताच पाण्यात उतरलो होतो!" घरातून हसण्याचा आवाज आला. साडू मात्र हसला नाही. तो मला समजावू लागला, "मास्तर, साकोलीले उन्हाळ्यात लय तरास होते ना पाण्याचा." जणू मीच साकोलीकरांचं पाणी तोडलं होतं.

इतिहासाची तीच गत. देशात पहिली आगगाडी आली तेव्हा तिचं इंजिन म्हणे याच्या आज्याच्या बोडीतलं, म्हणजे शेतातल्या तळ्यातलं, पाणी पिऊन पुढे गेलं. आणि ज्या गावी जाई, त्या गावाला हा सांगे की जिल्ह्यातलं पहिलं गाव हेच, बाकीची इथूनच फुटली. गावकरी खूश होत, याला पोटभर जेवू घालत. मी शाळेत खरा इतिहास शिकवतो, मला कोणी चहा विचारला नाही. हे कधीतरी उघडं पडेल, या आशेवर मी कित्येक वर्षं काढली, आणि तो दिवस आला एका मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते; बाजार, पाहुणे, दंडारीचे खेळ, सगळी धमाल. भज्यांच्या दुकानापुढे शेजारशेजारच्या दोन गावांचे पाटील एकमेकांना भिडले. दोघांनाही याच महाशयांनी पहिलं गाव बहाल केलेलं. बोलाचाली वाढली आणि दोघांनी मिळून त्यालाच धरलं. "काऊन गा, पह्यलं गाव आमचं का यांचं?" मी हातातली भजी टाकून गर्दीत पुढे घुसलो. असा योग पुन्हा येणार नव्हता.

साडूनं पान चघळत दोघांकडे पाहिलं. मग पहिल्याला म्हणाला, "तलाव तुमचा आधी खोदला," आणि दुसऱ्याला, "गाव तुमचं आधी बसलं. आता पाण्याबिगर गाव कसं बसलं, असं विचारान. यांची पोरगी तुमच्या घरी देली होती जी. तिच्यासंगं पाणी देलं." दोघे पाटील थबकले. मग एक म्हणाला, "म्हंजे आपण व्याही!" आणि त्यांनी एकमेकांना मिठी मारली. त्याच हंगामात दोन्ही गावांत एक खरंखुरं लग्न जमलं. लग्नात साडूला मानाचा फेटा बांधला, आणि मला पंगतीत अशा जागी बसवलं की वरण येईपर्यंत भात गार झाला.

खानेसुमारी आली तेव्हा सरकारनं लिहितावाचता येणाऱ्या सगळ्यांना कामाला जुंपलं, आम्हा दोघांनाही. माझ्या गावात एक डोकं इकडचं तिकडे झालं नाही. त्यानं मात्र एका म्हातारीचा आसामच्या चहाच्या मळ्यात गेलेला पोरगा घरातच मोजला. मी विचारलं तर म्हणतो, "माय त्याच्या वाट्याचा भात रोज काढून ठेवते. तो घरचाच माणूस झाला ना?" मी म्हटलं, "तो भात कुत्रा खातो. मग कुत्राही मोजलास का?" तो गंभीरपणे म्हणाला, "त्याचा रकाना नवता जी." माझ्या अचूक गणतीची आठवण आज कोणाला नाही. ती म्हातारी मात्र मरेपर्यंत त्याचं नाव काढत होती.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तो जंगलातून ताप घेऊन आला आणि त्यातून उठला नाही. सासऱ्यांनी कितीतरी दिवस कुठंच जायचं नाव काढलं नाही. मग एका संध्याकाळी म्हणाले, "मोठे बापू, कचारगडले न्या." मी उशाशी जाऊन बसलो आणि घसा साफ करून सांगू लागलो: दरेकशाचे डोंगर, दाट बांबू, उभा चढ, वर गोंड लोकांच्या देवाच्या गुहा. सगळं बिनचूक. म्हाताऱ्यानं कूस बदलली. "एवढं तं मलेबी मालूम हाये. कोण भेटलं तेथं?"

माझ्या भूगोलात कधी कोणी भेटत नसे. मग काय झालं कोण जाणे, बोलून गेलो, "एक म्हातारा भेटला. तुमच्या बंडीसोबत यायचा म्हणे. तुमचे डोळे कसे आहेत, विचारत होता."

म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "लहाने बापूबी असंच सांगत जाये. जेथं नेन, तेथं कोणी ना कोणी मले विचारत जाये." मग म्हणाला, "माह्या वयाचं कोण राहिलं असन आता? मले सारं मालूम होतं जी. पण सांगा, मंग काय म्हणाला तो?"

मी सांगत राहिलो. अडखळत, जमेल तसं. आयुष्यभर हवी असलेली जागा मिळाली होती, आणि मला सारखं वाटत होतं की आता तो दारातून येईल, मला खांद्याला धरून उठवेल आणि म्हणेल, "सरका मास्तर, तुमाले नाई जमत."