तिरडीवरचं हसू

टीव्हीवरच्या भुतांच्या मालिकेत दर आठवड्याला नवी गोष्ट असते, त्यामुळे दर आठवड्याला नवं प्रेत लागतं. गेल्या वर्षी मला बोलावलं ते काही माझ्या अभिनयासाठी नाही. पंचवीस वर्षं नाटकांत कामं केली, त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. दिग्दर्शकाने माझ्या बोटभर केसांकडे आणि खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "ताई, तुमचा लूक एकदम नॅचरल आहे. मेकअपचं कामच नाही."

टायफॉइड झाला होता, असं मी ठोकून दिलं. केमो संपून चार महिने झालेत हे सांगितलं असतं, तर त्याने मला आल्या पावली डोंबिवलीला परत पाठवलं असतं. आणि मला काम हवं होतं. घर नुसतं खायला उठत होतं.

शूटिंग ठाण्याजवळ कोलशेतला, एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये. खिडक्यांना काळं कापड ठोकून सकाळी अकरा वाजता आत मध्यरात्र केलेली. नाकात कापसाचे बोळे घालून मला तिरडीला बांधलं आणि तीन तास तसंच ठेवलं. पाणी मागितलं तर म्हणे, कंटिन्युइटी बिघडेल.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मरणाचा शॉट ओके झाला, की कॅमेरा बंद करायच्या आधी मेलेल्याने त्यात बघून हसायचं. सोंग तिथेच संपलं, ते घरी न्यायचं नाही. एरवी मी या रीतीची टिंगल करायचे. पण आदल्याच दिवशी माझा स्कॅन झाला होता आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. मला ते हसणं हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं.

"कट! चला, लाइट हलवा."

"माझा हसण्याचा शॉट राहिला," मी तिरडीवरूनच म्हटलं.

"काय ताई, कुठल्या जमान्यात आहात? अंधश्रद्धा आहे यार ही सगळी."

भुतांवर पोट भरणारा हा माणूस मला अंधश्रद्धेवर धडे देत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दहा सेकंद लागतात त्याला."

"तुम्ही मेलेल्या आहात ना? मग बोलताय काय?" तो म्हणाला आणि अख्खं युनिट खिदळलं.

मी एक हात सोडवला, नाकातले बोळे काढले आणि त्याच्या अंगावर फेकले. "कॅन्सर झालाय मला. उद्या रिपोर्ट आहे. कॅमेरा लाव, नाहीतर मी इथून उठत नाही."

म्हाताऱ्या कॅमेरामनने कुणाला न विचारता कॅमेरा चालू केला. मी लेन्सकडे पाहिलं. हसू कुठलं यायला, नुसता संताप येत होता. दात तेवढे दाखवले. "झालं, ताई," तो म्हणाला. दिग्दर्शक तोवर दारापर्यंत मागे सरकला होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मी त्यांच्यासमोरच रडले. घरी पोचते तोच मेकअपवाल्या बाईचा फोन.

"ताई, कुणाला सांगू नका हां. तुम्ही गेलात आणि सरांनी सगळीकडे गोमूत्र शिंपडायला लावलं. दारात नारळ फोडला. तुमची तिरडी मागे नेऊन जाळली, साडीसकट. तुम्हाला परत बोलवायचं नाही म्हणाले, युनिटला काहीतरी लागेल." मग आवाज बारीक करून म्हणाली, "सकाळपासून तीनदा विचारलंय त्यांनी, रिपोर्ट काय आला म्हणून. जाम टरकलेत."

रिपोर्ट माझ्या मांडीवरच होता.

"अजून आला नाही म्हणावं," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं, तेव्हाही हेच सांगितलं. राहू दे घाबरत.