फळ्याचा उजवा कोपरा

तास संपला की दिगंबर सर सगळा फळा पुसत, पण उजवा कोपरा तसाच ठेवत. त्या कोपऱ्यात नावं असायची. वर्गात कोणी काही नवं बोललं की सर खडू उचलून विचारत, "याचा मालक कोन?" मग तो विचार ग्रीसच्या एखाद्या तत्त्वज्ञाचा असो, नाहीतर उटनूरच्या बसमधल्या कंडक्टरचा, मालकाचं नाव कोपऱ्यात चढायचं. एकदा त्यांनी तिथं चक्क आपल्या भाजीवाल्या मल्लय्याचं नाव लिहिलं. आम्ही हसलो. सर म्हणाले, "हसून काऊन राह्यले? विचार काय आभाळातून पडते? कोनाच्या तरी घरूनच येते. त्या घरचं नाव घ्याची लाज वाटू देऊ नका."

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे ते एकटेच. विषय घेणारी मुलं दोन बाकांवर मावायची, तरी सर भरल्या सभेपुढे बोलावं तसं बोलत. इंग्रजीतून सुरू करत, अडलं की तेलुगूत जात आणि रंगात आले की घरच्या मराठीत. घरचं सगळं नोकरदार होतं. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार, वडील बँकेत. "आमची आई जन्मात शेताच्या धुऱ्यावर गेली नाही," असं ते स्वतःच हसत सांगत. "मातीचा पाय घरात आला का वरडे." तेव्हा मीही हसले होते.

मी तामसीकडची. विहाराला लागून आमचं दोन खोल्यांचं घर, आईबाप दोघंही मजुरीला. कॉलेजात पोचलेली घरातली मी पहिली. पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. मग एके दिवशी सर शिकवत होते, की खरं ज्ञान हवं तर माणसानं आधी सगळ्यावर शंका घ्यायला शिकलं पाहिजे. कसं कोण जाणे, मी उभी राहिले. म्हटलं, "सर, माझ्या मायले शंका शिकवाची गरज नाही. तिच्यावरच सगळे शंका घेतेत. तिले आधी सोताचं खरं मानाले शिकवा लागंल."

सरांनी खडू खाली ठेवला आणि नीट सांग म्हणाले. मी सांगितलं. मजुरीत मिळालेला आमचा थोडासा कापूस खरीददाराकडे नेला की आई म्हणायची, वाळेल हाय. तो कोपरापर्यंत हात गाठोड्यात खुपसून ओल बघायचा. मागून पाटलाची गाडी आली की न बघताच म्हणायचा, "कोरडाच असंल." मग घरी आल्यावर आई स्वतःच आपल्या कापसात हात घालून बघायची, खरंच ओला होता की काय म्हणून. सरांनी खडू पुन्हा उचलला. मग कोपऱ्यात लिहिलं, "छाया, तामसी." हजेरीपटाबाहेर माझं नाव कोणी लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

पुढच्याच रविवारी सर बसनं आमच्या घरी हजर. अंबाडीची भाजी आणि भाकर मागून मागून खाल्ली, आईला ताई म्हणाले, कापसाची गोष्ट तिच्या तोंडून पुन्हा ऐकली आणि डायरीत तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. ते गेल्यावर आई म्हणाली, "एवढा शिकेल मानूस, पन माह्या बोलन्यात हात नाही खुपसला." सरांची याहून मोठी स्तुती मी नंतरच्या कोणत्याही सत्कारात ऐकली नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून मी या विषयावर चाळीस पानांची एक वही लिहिली आणि त्यांना वाचायला दिली. विचारलं की म्हणत, "वाचून राह्यलो, घाई करू नको." पुढे ते हैदराबादला प्रोफेसर झाले. मी भैंशाच्या ज्युनिअर कॉलेजात लागले. वही परत आली नाही. आलं ते त्यांचं मराठी पुस्तक. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, पुरस्कार मिळाले. मी हौसेनं पोस्टानं मागवलं आणि तिसऱ्या प्रकरणापाशी थांबले. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं. आणि सुरुवात अशी: "माझी आई कापूस वेचायला जायची."

विचार उचलला असता तर मी कदाचित गिळलं असतं. मोठ्या माणसांच्या पुस्तकात शिष्यांचं बरंच काही विरघळलेलं असतं म्हणतात. पण त्यांनी माझी आईच नेली. मल्लय्याचं नाव लिहिणाऱ्या माणसानं.

सर सुटीत आदिलाबादला आल्याचं कळलं तशी मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पान पाहिलं आणि चष्मा काढला. नाकारलं काहीच नाही. म्हणाले, "छाया, मी ही गोष्ट गावोगाव सांगितली. 'एका विद्यार्थिनीची आई' म्हटलं की लोक नुसती मान हालवत. एकदा तोंडून 'माझी आई' निघून गेलं, तर सभागृह चिडीचूप. त्या शांततेची सवय लागली मले."

"माझ्या तोंडून कोणी मानलं नसतं, म्हणून तुमची केली?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. लिहून देऊ काय?"

"नको सर, विश्वास आहे," मी म्हटलं. मला अजून त्या वाक्याची चीड येते. दुसरी आवृत्ती आली. मुखपृष्ठ बदललं होतं. प्रस्तावनेत "अनेक विद्यार्थ्यांचे आभार" होते आणि तिसरं प्रकरण जसंच्या तसं. त्यानंतर मी त्यांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या आवृत्तीआधीच सर गेले.

आदिलाबादला शोकसभा ठेवली, मला बोलायला बोलावलं. आईनं हट्ट धरला, "जेवून गेलता मानूस आपल्या घरी, मी बी येतो." आज सगळ्यांसमोर सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. माझ्याआधी एका प्राध्यापकांनी सरांच्या पुस्तकातलं पान वाचलं, तेच. सभागृह खरोखरच चिडीचूप झालं. पहिल्या रांगेत आई पदरानं डोळे पुसत होती. मी उठले, फळ्याच्या कोपऱ्याबद्दल चार शब्द बोलले आणि खाली बसले.

तामसीच्या बसमध्ये आई म्हणाली, "सराची माय बी कापूस वेचाले जाये काय वं? कधी बोलला नाही. तिचं बी कोनी खरं मानलं नसंल. बिचारी."

"माय, ती तूच हायेस. आपली गोष्ट हाय ती. सरानं सोताची म्हणून लिवली."

आई म्हणाली, "छापेल हाय ना पुस्तकात? मंग तसंच असंल. त्याईच्या घरी बी तसंच झालं असंल. सर खोटं लिवतीन काय?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि उजव्या कोपऱ्यात पेनानं तिचं नाव लिहिलं. गयाबाई, तामसी.

"काय लिवलं?"

"तुझं नाव."

तिनं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि पदराच्या टोकानं तो कोपरा पुसायला लागली. "सराचं पुस्तक हाय ते," ती म्हणाली. "खराब काऊन करून राह्यली?"