वाकल्यावर दिसणारी अक्षरं

जरा फोनजवळ सरका बघू. फोटोत देव्हारा बघून "किती सुरेख!" म्हणता आणि फोन ठेवता. कुणी केला, कशासाठी केला, विचारावंसं वाटत नाही? शिकलेली माणसं तुम्ही!

आमच्या समोरच्या दारातले ते, एकटेच राहायचे. यंत्राची मोटर हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचे, लेकराचा ताप बघावा तशी. "तापली हो अक्का. पण सोडणार नाही मी." हे मोटरबद्दल की थोरल्या भावाबद्दल, त्या अण्णाबद्दल, कळायचं नाही.

ओरगडमच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बाल्कनीत लाकूड कोरायचं यंत्र जुळवलं. संगणकावर नक्षी काढायची, की मोटरी फिरून पातं तिथं तिथं नेतात. कारण एकच. तंजावरच्या घराची वाटणी झाली तेव्हा आईचा देव्हारा भावानं नेला. "निदान तो मला दे," म्हटलं तर पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "स्वतः कर की. पाट तरी जमेल का तुला?"

म्हणून देव्हारा. आणि अगदी खालच्या पट्टीवर, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशा अक्षरांत भावाचंच वाक्य: "पाट तरी जमेल का तुला?" मग त्याला पूजेला बोलवायचं.

"वाकेल ना तो? वाकू दे!" सांगताना डोळे असे चमकायचे, की मलाही कॉफी गोड लागायची.

नवरात्रात अवजारांची पूजा होते, त्या आयुधपूजेपर्यंत यंत्र छान चाललं. नंतर मात्र "तरी"पाशी आलं की एक मोटर गुरगुरायची, जागीच थरथरायची, आणि पुढची अक्षरं एकावर एक. सागाच्या पट्ट्या वाया. त्यांनी वायरी बदलल्या, वेग कमी केला. शेवटी म्हणाले, "अण्णाचीच दृष्ट!"

"दृष्ट नंतर काढू," मी म्हटलं. "माझं शिलाई मशीन अडलं की मी चाक हातानं फिरवून बघते. वीज बंद करा."

मोटरीनं फिरणारा आट्यांचा लांब दांडा त्यांनी बोटांनी फिरवला. एका जागी घट्ट. आट्यांत चंदन-कुंकू वाळून दगड झालेलं! पूजेला यंत्राच्या प्रत्येक भागाला टिळा लावला होता त्यांनी, या दांड्यालाही.

"सूड मागत होतो ना, जरा जास्तच लावलं," ते ओशाळून म्हणाले.

दातांच्या ब्रशनं घासलं, मशीनचं तेल दिलं. "तरी" कोरलं गेलं, "तुला"सुद्धा.

भाऊ देव्हाऱ्याच्या पूजेला आलाच नाही. गुडघे दुखतात म्हणे. ते निरोप धाडत राहिले, आणि एक दिवस तेच गेले. देव्हारा आणि यंत्र माझ्याकडे सोपवून: "अण्णाला वाकल्याशिवाय देऊ नका, अक्का."

तेराव्याला तो आला. "आठवण म्हणून नेतो," म्हणाला.

"न्या की. आधी नमस्कार करा."

वाकला. चष्मा काढून बराच वेळ पट्टीवरचं वाचत राहिला. उठला तो देव्हाऱ्याला हात न लावता जिना उतरला. चष्मा खालीच राहिला, पट्टीसमोर. मी मुद्दाम परत पाठवलेला नाही. हवा असेल तर वाकून उचलेल.

यंत्र बाल्कनीत झाकून ठेवलंय. जाता-येता मोटरीला हाताची मागची बाजू लावते. गार असते. तुम्ही तरी या हो, लवकर या.