श्रॉपशरमधला पाट

मधू सबनीस गेल्याचं कळलं तेव्हा मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या देशी दुकानाबाहेर मेथीच्या जुड्या गाडीत ठेवत होतो. फोन त्याच्या मुलीचा, दीपाचा. "काका, बाबा गेले. पीसफुली," एवढंच ती म्हणाली. तसं अनपेक्षित काहीच नव्हतं. पोटाचा कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेले, घरातच पलंग आणलेला. दुपारपर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मध्येच कुणीतरी, घाईत किंवा सवयीने, 'हार्दिक अभिनंदन'ही टाकून दिलं. मधूला ते आवडलं असतं. पण त्या दिवशी मी जे पहिलं खरं वाक्य वाचलं ते इंग्लंडमधून आलं होतं. श्रॉपशर नावाच्या जिल्ह्यातल्या जोन नावाच्या बाईंनी दीपाला कळवलं होतं की, तुझे वडील आमच्या जिल्ह्यात कधी आले नाहीत, तरी आज शेतांवरून फिरताना कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटतंय.

कधी आले नाहीत, हे अक्षरशः खरं. मधूने इंग्लंड पाहिलं ते विमान बदलताना, विमानतळाच्या काचेतून. आणि तरीही निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याने श्रॉपशरचा स्थानिक इतिहास अभ्यासण्यात घालवली. नोकरी त्याची मातीची. न्यू जर्सीत पूल किंवा इमारत उभी राहायची असली की खालची जमीन वजन पेलेल की नाही, हे सांगणारा इंजिनिअर तो. निवृत्त झाल्यावर त्याला कळलं की इंग्लंडची जमीन विमानातून लेझरने मोजलेली आहे आणि ती मोजमापं कुणालाही फुकट पाहता येतात. त्यातून झाडं-झुडपं गणिताने पुसून टाकली की खाली उरते उघडी जमीन, तिच्या सगळ्या सुरकुत्यांसकट. जुने रस्ते, बुजलेले खंदक, उठून गेलेली गावं. श्रॉपशरच का, तर पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा तोच भाग समोर आला, असं तो सांगायचा. पुढे तिथल्या हौशी इतिहास मंडळींत तो सामील झाला. दर गुरुवारी दुपारी त्यांची ऑनलाइन बैठक असे, आणि त्या वेळी सबनीसांकडे फोन करायचा नाही, हे आम्ही सगळे शिकलो होतो.

"महाराष्ट्राचा इतिहास काय वाईट होता?" मी एकदा विचारलं.

"वाईट नाही रे. तिथे माझे नातेवाईक आहेत," तो म्हणाला. "एखादी भिंत कुणी बांधली हे सांगितलं की निदान एक चुलतभाऊ दुखावतो. श्रॉपशरमध्ये माझं कुणी मेलेलं नाही. तिथे डोकं थंड राहतं."

हे डोकं थंड ठेवणं त्याचं मोठं व्रत होतं. आमच्या मंडळात दरवर्षी कुणीतरी फेटा बांधून येतो आणि किल्ल्यांविषयी असं बोलतो की जणू गवंड्यांचा मुकादम तोच होता. टाळ्या पडतात. मधू मागच्या रांगेतून हात वर करून विचारायचा, "हे कशावरून?" आणि संयोजक घाईघाईने चहा जाहीर करायचे. एकदा ज्येष्ठांच्या मेळाव्यात त्यालाच बोलायला उभं केलं. श्रोते मोजके, त्यांतले काही जेवून आलेले. श्रॉपशरच्या शेतांची चित्रं दाखवून झाल्यावर एका सद्गृहस्थांनी विचारलं, "सगळं ठीक आहे सबनीस, पण तिथे आपल्या लोकांचं काही सापडलं का?"

"अजून तरी नाही," मधू म्हणाला. "पण तुम्ही आग्रहच धरलात तर सापडेल."

मी स्वतः या सगळ्याकडे निवृत्त माणसाचा विरंगुळा म्हणूनच पाहत होतो. लोक गोल्फ खेळतात, हा शेतं बघतो. ते मत एका दुपारी बदललं. त्याने मला खुर्ची ओढायला लावून कॉम्प्युटरवर एक कुरण दाखवलं. साध्या फोटोत नुसतं हिरवं गवत, कोपऱ्यात मेंढ्या. मग त्याने लेझरचं चित्र लावलं आणि कडेच्या एका बटणाने त्यावरचा कृत्रिम सूर्य फिरवायला सुरुवात केली. उजेड पूर्वेकडून, दक्षिणेकडून... आणि जमीन उठून बसली. दुसरा शब्द नाही. शेतभर समांतर वरंबे, शेजारी शेजारी, आणि प्रत्येक वरंबा शेवटाला हलकेच एका बाजूला वाकलेला.

"नांगराच्या ओळी आहेत या. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पट्टीत नांगरलं की माती मध्ये चढत जाते. आता सांग, टोकाला का वाकल्या?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"बैल," तो म्हणाला. "लांबलचक जोत. आठ-आठ बैल. बांध जवळ आला की आधीपासूनच वळवायला घ्यावे लागायचे. तो शेतकरी गेला, त्याची भाषा बदलली, धर्म बदलला, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याचे बैल कुठे वळायला लागले ते तू इथे न्यू जर्सीत चहा पीत बघतोयस."

माझा चहा गार झाला होता. आयुष्यात मी बऱ्याच स्मारकांपुढे उभा राहिलोय आणि बहुतेक वेळा पाटीवरचं व्याकरण तपासलंय. त्या पडद्यापुढे मात्र मी खुर्ची आणखी पुढे ओढली. एका माणसाचा रोजचा कंटाळा एवढा टिकू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी त्याला ते दुसरं शेत सापडलं. एका ओढ्याकाठी तसेच वरंबे. तिथली मंडळी त्यांना नांगराच्याच ओळी समजत होती. मधूला वाटलं, नाही, हे पाण्याचं काम आहे. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी शेतकरी ओढा अडवून पाणी पाटाने आणत, ते वरंब्यांच्या माथ्यावरून खेळवत, म्हणजे थंडीतही गवत लवकर वाढे. अशी पाण्याची कुरणं दक्षिणेकडे पुष्कळ, श्रॉपशरच्या त्या भागात मात्र एकही नोंदलेलं नव्हतं. मधूने ओढ्यापासून वरंब्यांपर्यंत जाणारी एक पुसट रेघ दाखवली. हा पाट. उतारही मोजून दाखवला. मंडळी हरखली. जिल्ह्याच्या वार्षिक अंकात त्याचा लेख घ्यायचं ठरलं, त्याच्या नावाने.

त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण फक्त अंक नव्हता. मधू साक्री तालुक्यातला, पांझरा नदीच्या काठचा. तिकडे फडाची पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि गावाची जमीन मोठमोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, वाटलेली. पाणी सगळ्यांना पाळीने. मधूचे वडील पाटकरी होते. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. "बाबा चार बोटांच्या उतारावर पाणी मैलभर न्यायचे," तो मला सांगू लागला. इतक्या वर्षांत त्याने वडिलांचं नाव माझ्यापुढे क्वचितच काढलं होतं. आता रोज निघू लागलं. "पाणी पाळीचं असलं की माणसं भांडायचीच. बाबा ओरडायचे नाहीत. नुसतं पाटात पाऊल ठेवून उभे राहायचे."

त्यानंतर त्याचं दुखणं निघालं, आणि ते वेगाने वाढलं. दीपा पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून आली. नोकरीचं काम इथूनच करू लागली आणि बापाच्या मेल वाचून दाखवू लागली. अशात जोनबाईंची मेल आली, थेट दीपाला. त्याच इतिहास मंडळींतल्या या बाई निवृत्त नर्स. अंक छापायला जाण्याआधी त्या गमबूट घालून, एका मित्राला आणि मोजणीच्या दुर्बिणीला घेऊन त्या शेतात गेल्या होत्या. प्रत्यक्ष जमिनीवर मोजलं तर पाट ओढ्याकडून वरंब्यांकडे उतरत नव्हता. थोडासा चढत होता. आणि वरंब्यांची टोकं हलकेच वाकलेली होती. मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, की मधूची तब्येत त्यांना ठाऊक आहे, संपादकांशी बोलणं झालंय, 'एक शक्यता' म्हणून लेख तसाच छापता येईल, त्याला काही कळवायची गरज नाही. निर्णय घरच्यांनी घ्यावा.

दीपाने मला किचनमध्ये बोलावलं. "काका, टेल मी ऑनेस्टली. व्हॉट्स द पॉइंट? ही इज सो हॅपी. लेट हिम हॅव इट."

मी काही बोलायच्या आत नलिनीवहिनी ओट्यापाशी वळल्या. "सांग त्यांना."

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

"भाजीत मीठ जास्त झालं तर मी त्यांच्यापासून कधी लपवलं नाही, आणि त्यांनीही ते बोलून दाखवायचं कधी सोडलं नाही. आता शेवटी शेवटी लबाडी कशाला सुरू करायची?"

मग दीपाने त्याला मेल वाचून दाखवली. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. मधूने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "आकडे परत वाच." तिने वाचले. "लॅपटॉप."

उशांना टेकवून त्याला बसवलं. त्याने ते शेत उघडलं आणि सूर्य फिरवू लागला. बोटांत जोर नव्हता, त्यामुळे उजेड झटके घेत फिरत होता. बराच वेळ गेला. "अरे," तो म्हणाला, "हे तर बैल आहेत."

मग त्याने मला समजावलं, म्हणजे स्वतःलाच. विमानातून मोजलेल्या उंचीत वीतभर चूक असू शकते. त्याला मिळालेला पाटाचा सगळा उतार वितीपेक्षाही कमी होता. "नोकरीत असा रिपोर्ट कुणी आणला असता तर मी त्याच्या तोंडावर परत केला असता. पण मला वाटलं, एवढा उतार पुष्कळ झाला, बाबा एवढ्यावर पाणी नेतात." तो हसला, त्याने खोकला आला, पाणी दिलं. "आणि टोकं वाकलेली. पाण्याला वळायला जागा लागते का रे? बैलांना लागते. मीच तुला सांगितलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"ते गृहस्थ विचारत होते, आपल्या लोकांचं काही सापडलं का. बघ, सापडलंच." मग त्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि, मला ऐकू यावं म्हणून नव्हे, म्हणाला, "थोडे दिवस बाबा भेटले होते... ते तिथे नव्हतेच."

लेख मागे घ्यायचा तर नुसतं कळवून चाललं असतं. पण गुरुवारी त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला. त्याची दाढी मी केली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत ती म्हातारी इंग्रज मंडळी, कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे मांजर. मधूने आधी ते शेत दाखवलं, मग स्वतःची चूक, नंतर ती कशी झाली ते, वडिलांसकट. आवाज बारीक, पण एकही वाक्य अर्धवट नव्हतं. सभागृहं दणाणून सोडणारे खूप वक्ते मी ऐकलेत. स्वतःच्या हाताने स्वतःचा एकुलता एक शोध पुसणारा, आणि पुसताना शिकवत जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी खिडकीचा पडदा उगाच सारखा करत राहिलो.

शेवटी जोनबाई म्हणाल्या, की हा प्रश्न आपण खुला ठेवूया का?

"नो, जोन," मधू म्हणाला. "वॉटर इज नॉट अ मॅटर ऑफ ओपिनियन."

मग त्याने एकच मागणं केलं. जिल्ह्याच्या पुरातत्त्व नोंदीत त्या शेताच्या पुढे त्याची चूक ठेवावी, कारणासकट. "नंतर कुणाला हाच मोह झाला," तो म्हणाला, "तर त्याचा वेळ वाचेल." त्यानंतरच्या गुरुवारी तो बैठकीला नव्हता.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. पलंग परत गेलाय, खोली आता नको इतकी मोठी दिसते. टेबल तसंच. दीपा दुसऱ्या दिवशी बॉथेलला परतणार होती, म्हणून वडिलांच्या कॉम्प्युटरवर आवराआवर करत होती. जोनबाईंनी पाठवलेली लिंक तिने उघडली, तर जिल्ह्याच्या नोंदीतलं ते शेत समोर आलं. तिने मोठ्याने वाचलं: मध्ययुगीन नांगराच्या ओळी. पूर्वी पाण्याचं कुरण असल्याचं एम. सबनीस यांनी सुचवलं होतं. जागेवरच्या मोजणीनंतर त्यांनी स्वतः ते मागे घेतलं. पाण्याचा उगम कुरणापेक्षा खालच्या पातळीवर आहे. श्रॉपशरच्या सगळ्या इतिहासात आमच्या मधूचं नाव एवढ्याच ओळींत. शेवटची ओळ तिने पुन्हा एकदा वाचली.

नलिनीवहिनी दारात उभ्या होत्या, हातात ओला टॉवेल. इंग्रजी त्यांना येतं, पण ते ऐकताना मन लागलं नसावं. "काय लिहिलंय ह्यांच्याबद्दल?" त्यांनी मला विचारलं.

मी थोडा अडखळलो. "लिहिलंय की... तिथे पाणी वर चढत नाही."

"मग बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "पाटकऱ्याचा मुलगा दुसरं काय सांगेल?" आणि टॉवेल वाळत घालायला निघून गेल्या.