तुमच्यातले बाजूला काढ

"आधी की-बोर्ड पुसून घे."

मॅनेजर शिपायाला म्हणाले. मी नुकतीच खुर्चीवरून उठले होते. शिपायानं ओलं फडकं आणलं. एकेक कळ पुसली. मग खुर्ची पुसली. मी दाराशी उभी. मॅनेजर बसले, माझ्याच प्रोग्रामनं काढलेला कागद बघितला, "छान" म्हणाले. रोज असंच. मला काही वाटत नव्हतं. वाटणं कधी बंद झालं, तेही आठवत नाही.

सेलूतली जिनिंग मिल. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन अजून चालूच होतं. परभणीत कम्प्युटरचा कोर्स करून मी तिथं लागले होते. कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांची नावं मशीनमध्ये भरायची आणि पाहिजे ती माहिती काढायला छोटे प्रोग्राम लिहायचे. गाव सांगितलं की त्या गावचे शेतकरी वेगळे. थोड्या ओळी लिहायच्या, कळ दाबायची. पडद्यावर नावं सरसर उतरायची. ते आवडायचं. तेवढा वेळ मी कुणाचीच कोणी नसायचे.

त्या नावांत माझ्या बापाचंही नाव होतं. गायरानात कापूस लावायचा, इथंच आणून घालायचा.

हंगामाच्या मुहूर्ताचं जेवण ठरलं. मॅनेजर म्हणाले, "पत्रिका समद्यांला जातील. पंगती मात्र दोन. आडनावावरून तुमच्यातले बाजूला काढ. तुला तर ठाऊकच हायेत."

मी "हो" म्हणाले.

बसले. लिहायला लागले. एक आडनाव. दुसरं. तिसरं. बोटं आपोआप चालत होती. मग आमचं आडनाव. तेही टाइप केलं. झाल्यावर वाचलं.

आंदोलनाच्या सुरुवातीला आमच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली. मी लहान होते. माय मला पोटाशी धरून ज्वारीत पडून राहिली होती. कुठलं घर कुणाचं, हे जाळणाऱ्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्यांनाही ठाऊकच होतं.

लिहिलेलं सगळं पुसलं. मॅनेजरच्या टेबलापुढं गेले.

"हे मी करणार नाही."

"काऊन? दोन मिनटाचं तर काम हाय."

"असू द्या. करणार नाही."

"मंग उद्यापासून येऊ नको."

मला वाटलं, रडू येईल. आलं नाही. चप्पल घातली. बाहेर पडले.

नावं शिपायानं हातानं निवडली. पत्रिका घरी आली. बा धुतलेलं धोतर नेसायला लागला.

"बा, जाऊ नको. आपली पंगत येगळी हाय."

"बोलिवलं तर हाय. माझ्या बापाला तेबी नव्हतं."

गेला. जेवून आला. अंगणात पाठ करून बसला. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "आता गं?"

आता काय. दुसऱ्या दिवशी काम शोधायला परभणीची गाडी धरली. हे काम मला येतं, ते मी सोडणार नाही. पण जिथं जाईन तिथं पहिल्याच दिवशी सांगेन. नाही ठेवलं तर दुसरं दार बघेन. एकही दार उघडलं नाही तर कोयता घेऊन उसाला जाईन.

माणसं बाजूला काढून देणार नाही.